बयामावशीचा कान

सकाळी आमच्या मागच्या भिंतीपलीकडून खाट करकरली की समजायचं, बयामावशी उठली. उठल्यावर माणसं चूळ भरतात, देवाला हात जोडतात, निदान चहाचं आधण ठेवतात. ती यातलं काही करत नसे. पदर खोचून सरळ पत्र्याच्या गोठ्यात शिरायची, पहिल्या बकराजवळ उकिडवी बसायची आणि त्याच्या डाव्या कुशीला कान लावायची. कान लावला की डोळे मिटायची. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. बकरूही हलत नसे. मग म्हणायची, "हाव. बोलून राहिलं." आणि पुढच्याकडे सरकायची.

सगळ्या पिल्लांची पोटं ऐकून झाली की मगच तिचा चहा.

मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत हे सगळं ऐकायची. नवीन होते तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीच्या डोक्यात काही फरक असेल. पुढे तिनंच मला खाली बसवून माझा कान बकराच्या कुशीला टेकवला. केस टोचत होते, वास येत होता. बराच वेळ काही नाही. मग आतून एक गुरगुर आली, फार लांबून ढग सरकावा तशी, आणि गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली.

"ऐकलं? हे चांगलं पोट," ती म्हणाली. "तोंडाचं नको ऐकू. भूक नसली तरी बकरू में में करते. पोट खोटं नाही बोलत."

आम्ही घमापुरला राहतो. माझं माहेर पांढुर्ण्याकडच्या खेड्यातलं. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा हिंदी समजायची, बोलता येत नव्हती. मराठीत तरी मी कुठे बोलत होते. भाजीवाल्यानं भाव सांगितला की मी पैसे देऊन घरी यायची. आमचे हे सकाळी कपाटांच्या कारखान्यात जायचे, ते अंधार पडता यायचे. अशा दिवसांत एकदा भिंतीवरून आवाज आला, "ए सूनबाई, वाचता येते का वं तुले?"

मी मान हलवली.

"मान हलवली तं मले काय दिसते? तोंडानं सांग."

"येतं," मी म्हटलं. "चौथी झाली आहे."

"चौथी? मग तं डॉक्टरच आहे तू. ये इकडे."

जंताच्या औषधाची बाटली होती. एका बाजूला इंग्रजी होतं, दुसऱ्या बाजूला बारीक हिंदी. मी अडखळत वाचलं, एक किलोला किती द्यायचं ते. तिनं पहिलं पिल्लू मांडीवर उचललं, जरा वरखाली केलं आणि म्हणाली, "चौदा." दुसरं उचललं. "साडेबारा." मी बोटांवर हिशेब करून सांगायची, ती पिचकारीनं औषध पाजायची. एकही पिल्लू खोकलं नाही. त्या दिवसापासून बाटल्या वाचायचं काम माझं झालं, आणि हळूहळू बाकीचंही.

ती वर्ध्याकडची. नवरा रेल्वेत होता, कधीचाच वारला होता. एकुलता मुलगा प्रकाश, तो पुण्याला नोकरीला. याहून जास्त मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिच्या बोलण्यात जे यायचं ते बकऱ्यांचंच. दरवर्षी पोळ्यानंतर ती तीन-चार महिन्यांची नर पिल्लं आणायची, आठ-नऊ महिने वाढवायची आणि बकरी ईदला द्यायची. दूध नाही, पिल्लं विकणं नाही, फक्त मांसासाठी बोकड. याबद्दल तिच्या मनात काही आडपडदा नव्हता. मी एकदा विचारलं होतं, मावशी, एवढं करून शेवटी कापायलाच द्यायचं, तर वाईट नाही वाटत? ती बकऱ्यांसाठी चुनी, म्हणजे डाळीचा कोंडा, भिजवत होती. हात तसाच पाण्यात ठेवून म्हणाली, "हे माणसाच्या ताटात जाणार, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याले माहीत नाही. मग जोवर ते माह्याकडे आहे, तोवर त्याच्या ताटात कमी पडू द्यायचं नाही. एवढंच माह्या हातात आहे न."

ती स्वतः आवडीनं मटण खायची. रविवारी तिच्या घरून मसाल्याचा वास आला की आमच्या ह्यांचं नाक वर व्हायचं. पण ईदच्या आठवड्यात नाही. त्या आठवड्यात तिचे बोकड घेणाऱ्या सलीमभाईच्या घरून मटणाचा वाटा यायचा तो ती आमच्याकडे पाठवून द्यायची. "माहा हात फिरला आहे त्याच्यावर," म्हणायची. बस, एवढंच.

तिच्याकडे चाऱ्याचे नियम होते आणि ते मोडलेले तिला खपत नसत. पाला जमिनीवर टाकायचा नाही. बोरीचा, बाभळीचा, सुबाभळीचा पाला जुडी बांधून बकराच्या डोक्याच्या वर टांगायचा, म्हणजे ते मान वर करून, कधी मागच्या पायांवर उभं राहून खातं. "बकरी वरचं खाणारी जात आहे. पायाखालचं तिले उष्टं वाटते." हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दुपारी. पाणी चाऱ्याआधी. आणि डाळीची चुनी, थोडा मक्याचा भरडा, हे मुठीनं मोजून, संध्याकाळी एकदाच. पहिल्यांदा तिनं मला चुनी द्यायला सांगितली तेव्हा तिनं माझा हात धरून मूठ चाचपली. "तुही मूठ लहान आहे. माही एक तं तुही दीड. पण दोन नको देऊ. धान्य हे बकराले गोड लागते आणि तेच त्याले मारते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. पुढे सांगायचं आहे म्हणून इथे लिहून ठेवते.

रोज सकाळी लेंड्या पाहायची. पाहायची म्हणजे हातात घेऊन दाबायची. कडक आहे की मऊ, सुटी आहे की चिकट. लोक सकाळी पेपर वाचतात तसं तिचं ते होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वकीलकाकू राहतात. त्यांचं घराणं फार जुन्या काळापासून इथलं, बोलणं एकदम शुद्ध. त्या नाकाला पदर लावून यायच्या. "बयाबाई, तुमच्या या प्राण्यांचा फारच वास येतो हो. काहीतरी बंदोबस्त करा."

"करतो न काकू," मावशी म्हणायची. तिच्याकडे बायाही करतो, जातो म्हणतात. "तुमच्या गुलाबाले किती पाहिजे यंदा? एक पोतं की दोन?"

काकू इकडेतिकडे पाहून हळूच म्हणायच्या, "दोन द्या. पण गल्लीतल्या एखाद्या पोरासोबत संध्याकाळी पाठवा, दिवसा नको."

मी भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसायची. मावशीला माझं हसू ऐकू जायचं. "हस, हस. आवाज काढून हसली तं कोणी पकडून नेत नाही."

सलीमभाई तिचं कायमचं गिऱ्हाईक. त्याचं मांसाचं दुकान होतं, आणि ईदला त्याच्या मोहल्ल्यातली माणसं त्याच्या नजरेवर जनावर घ्यायची. तो येताना टांगायचा काटा आणायचा आणि कडुलिंबाच्या फांदीला लावायचा. दरवर्षीचा खेळ असे. काट्याला लावायच्या आधी मावशी बोकड कवळ्यात धरून जरासा उचलायची आणि आकडा सांगायची. एका वर्षी ती म्हणाली, "अठ्ठाईस." काट्यावर साडेसत्तावीस आलं. सलीमभाईची पोरं टाळ्या पिटू लागली.

"अम्मा, इस बार तो हार गईं आप," सलीमभाई म्हणाला.

"फिर से टाँगो भैया. उसका पैर दीवार को टेका है."

खरंच मागचा एक खूर भिंतीला टेकलेला होता. तिला तेव्हाच नीट दिसत नव्हतं, खुराचा घासल्याचा आवाज तेवढा आला होता. काटा जरा सरकवून पुन्हा टांगलं. अठ्ठावीस. सलीमभाईनं कानाला हात लावला.

आणि एक गोष्ट होती, जिच्यासाठी तो घमापुरात तिच्याच दारी यायचा. विकणारे बहुतेक जण द्यायच्या दिवशी जनावराला मीठ घातलेले हरभरे चारतात, मग तहानेनं ते घागरभर पाणी पितं आणि पोट टम्म होतं. वजन वाढतं. मावशी सकाळी उपाशी पोटी द्यायची, पाणीसुद्धा दाखवायच्या आधी. सलीमभाई लोकांना सांगायचा, "अम्मा के यहाँ पानी का वज़न नहीं मिलता."

आता ज्या वर्षाचं मला लिहायचं आहे ते वर्ष. माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती, मुलगी मोठी झाली होती.

त्या वर्षी पोळ्यानंतर सिहोऱ्याच्या बाजाराला ती मला सोबत घेऊन गेली. डोळे फारच अधू झाले होते. मी रंग सांगायची, दात सांगायची, ती हातानं पाठ चाचपायची. सहा पिल्लं घेतली. पाच छोट्या गाडीतून पाठवली. सहावं काळं, एक पाय पांढरा, सगळ्यात लहान. "हे गाडीत तुडवलं जाईन," म्हणून तिनं ते बसमध्ये मांडीवर घेतलं. कंडक्टर आला.

"माताजी, बकरी का भी टिकट लगेगा."

"काहे का? गोद में है न. गोद के बच्चे का लगता है क्या?"

"ये बच्चा है?"

"तीन महीने का है. तुम देखो, दाँत भी नहीं आए पूरे."

सगळी बस हसायला लागली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. मी खिडकीत तोंड घालून बसले होते, लाजेनं कान गरम झाले होते.

ते पिल्लू भित्रं निघालं. बाकीची पाच टोपल्यावर तुटून पडायची, हे कोपऱ्यात उभं. मी त्याच्यापुढे बसून हातानं भरवायला पाहायची, तर ते अजून मागे सरायचं. मावशी म्हणाली, "त्याच्याकडे पाहू नको. पाहिलं की नाही खात ते." तिनं वेगळं घमेलं केलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून जुड्या बांधत बसली. मलाही पाठ करायला लावली. जरा वेळानं मागून कुरूमकुरूम आवाज यायला लागला. "वळू नको," ती पुटपुटली. "खाऊ दे."

मला तेव्हा आठवलं, माझं नवं लग्न झालेलं असताना ती मला कधी पिठलं, कधी ज्वारीची भाकर वाढायची आणि ताट पुढे ठेवून चुलीकडे तोंड करून बसायची. मला वाटायचं, तिला कामं असतात.

दिवाळीला प्रकाशभाऊ आला तेव्हा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. घरी येऊन मायलेकांचं भांडण झालं. भिंत पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"आई, आता बस झालं. पुण्याला चल. इथं कुठं पडलीस-झडलीस तर मला कळणार पण नाही."

"सहाव्या माळ्यावर मी काय करू? कपडे मोजू?"

"आणि दिसत नसताना बकऱ्या पाळणार?"

"बकऱ्या डोळ्यानं पाळतात काय रे?"

शेवटी तिनं पैज लावली. म्हणाली, "हे सहा पोरं घेतले आहेत मी. सहाच्या सहा ईदले पायावर उभे करून दिले, तं मले न्यायचं नाव काढायचं नाही. एक जरी गेला, तं तू म्हणशीन तेव्हा येतो."

प्रकाशभाऊ हसला. "प्रॉमिस?"

"हे काय असते ते मले माहीत नाही. नर्मदामाईची शपथ."

त्यानंतर ती पिल्लांना जास्तच जपू लागली. आणि पिल्लं अशी भरली! पाठीवर हात ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा. नुसतं भित्रंच जरा मागे होतं. मी दिवसातून चारदा जायची. माझ्या मनात पक्कं होतं की मावशी कुठे जात नाही.

नर्मदा जयंती आली. आदल्या दिवशी आमच्या गल्लीचा भंडारा झाला. आमचे हे वाढायला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भली मोठी टोपली घेऊन आले, पुऱ्यांनी भरलेली, वर शिऱ्याचं पातेलं. म्हणाले, "प्रसाद आहे. फेकता येत नाही. गायींना घाल." आणि कामावर गेले.

मावशी पहाटेच बायांसोबत ग्वारीघाटला स्नानाला गेली होती. पिल्लं माझ्यावर होती.

मी टोपली घेऊन गल्लीतल्या मोकाट गायींकडे गेले. त्या आदल्या दिवसापासून पुऱ्याच खात होत्या. एकीनं हुंगून तोंड फिरवलं. दुसरी उठलीसुद्धा नाही. मी टोपली घेऊन परत आले. प्रसाद नालीत टाकवेना. गोठ्यातून सहाही जण माझ्याकडे पाहत ओरडत होते. मला वाटलं, माईचा प्रसाद आहे. हे धान्य आहे, तूप आहे, असं मनात आलंच नाही. प्रसादानं कुणाचं वाईट होईल, असा विचार मी जन्मात केला नव्हता.

पाच जणांनी टोपली बघता बघता रिकामी केली. मी कौतुकानं पाहत उभी होते. मी पाहत होते म्हणून भित्रं कोपऱ्यातून हललं नाही. त्याला एक पुरीही मिळाली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास मावशी आली. हातात गंगाजळीसारखी नर्मदेच्या पाण्याची बाटली, कपाळाला हळदकुंकू. फाटकातच थांबली आणि नाक वर केलं. "तुपाचा वास कुठून येऊन राहिला वं?"

मी आनंदानं सांगितलं.

तिनं बाटली तिथंच जमिनीवर ठेवली आणि चाचपत गोठ्यात गेली. पहिल्याच्या कुशीला कान लावला. दुसऱ्याच्या. मी तिचं तोंड पाहत होते. तिसऱ्याजवळ ती फार वेळ बसली. मग म्हणाली, "शोभे, पोट नाही बोलत."

पुढचं सगळं पळापळीचं. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, गोडं तेल पाजलं. पाणी आणि चुनी बंद. ती एकेकाचे पुढचे पाय पायरीवर ठेवून डावी कूस चोळत होती, मी बाकीच्यांना अंगणात फिरवत होते. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. दिवस मावळायच्या आत कान दुमडलेला बोकड गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अजून एक. तीन वाचले आणि चौथं भित्रं, ज्याला काही झालंच नव्हतं.

मी रडत होते. मावशी म्हणाली, "रडून घे आत्ताच. मग प्रकाश येईन, तेव्हा रडू नको."

वकीलकाकूंनी त्याला फोन केला होता. तो तिसऱ्या दिवशी सकाळी आला. मी चहाचे कप घेऊन त्यांच्या दारात उभी होते, तेव्हा त्यानं विचारलं, "पुऱ्या कोणी खाऊ घातल्या?"

कप बशीवर वाजले. मला बोलायचं होतं. देवाशपथ, शब्द तोंडात आले होते. पण प्रकाशभाऊनं आवाजाकडे म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

"मीच," मावशी म्हणाली. "भंडाऱ्याची टोपली होती. दिसलं नाही. कुटार समजून उलटवली."

"बघ. बघ आई. हेच म्हणत होतो ना मी?"

"हाव. हरली मी. शपथ घेतली आहे, येतो तुह्यासोबत. होळी होऊ दे."

प्रकाशभाऊ वाईट माणूस नव्हता. तो तिथंच खाली बसला आणि डोकं धरून म्हणाला, "मला जिंकायचं नव्हतं गं." मी चहा ठेवला आणि घरी आले.

दुपारी तो झोपला तेव्हा मी भिंतीपाशी गेले. म्हटलं, "मावशी, काहून असं केलं? मी सांगते त्याला. मी आत्ता सांगते."

"काय सांगशीन?"

"खरं."

"मग काय होईन? तुहे हे ओरडतील. गल्ली बोलन. आणि तू जन्मात बकराले हात नाही लावणार. मी ओळखत नाही काय तुले? एकदा लाथ बसली की घमेल्याकडे येणारी जात नाही तुही." मग भिंतीवरून हात पुढे करून तिनं माझं मनगट धरलं. "माहे डोळे तं गेलेच आहेत. आज नाही तं पुढच्या साली तो नेणारच होता. मले हे सांग, हे चार कोण पाहीन?"

"मी," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"मी पाहीन, मावशी."

होळीनंतर ती गेली. ऑटोत बसताना तिनं सामानाकडे लक्ष दिलं नाही, मला सारखी विचारत होती, जुडी वर टांगली का, चाटायला टांगलेली मिठाची वीट संपली का. चार बोकड आमच्या अंगणात आले. ह्यांनी पत्रे टाकून दिले. मी तिच्यासारखीच सकाळी उठून चारही पोटं ऐकायची. आधी माझ्या स्वतःच्याच कानात आवाज यायचा, मग त्यांच्या पोटातला. वकीलकाकू एकदा येऊन दारातच थांबल्या, म्हणाल्या, "अगं बाई, आता तूही?" आणि जाता जाता दोन पोत्यांचं विचारून गेल्या.

ईदच्या आधी चार दिवस सलीमभाई काटा घेऊन येऊन गेला. कुर्बानीला लागतात ते दोन-दोन मोठे दात आले होते, कुठे खोट नव्हती. "अम्मा का माल है," एवढंच म्हणाला. उद्या सकाळी नेतो म्हणाला.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आधी मी मुलीला तिच्या फोनवरून प्रकाशभाऊला व्हिडिओ कॉल लावून द्यायला सांगितलं आणि फोन घेऊन गोठ्यात गेले. पडद्यावर आधी त्याचं तोंड आलं, मग बाल्कनी, आणि बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मावशी. वाळली होती. अंगावर स्वेटर, ऐन उन्हाळ्यात. मागे आभाळच आभाळ, झाड एकही नाही.

"आई, शोभावहिनी आहेत."

"बकरं आणले का समोर?"

"आणले मावशी," मी म्हटलं. "पण आधी मला प्रकाशभाऊंशी बोलायचं आहे."

"बोला ना वहिनी," तो म्हणाला आणि फोन तोंडासमोर धरून माझ्याकडे पाहू लागला. मी तोंड उघडलं. पुन्हा तेच. शब्द आत, जीभ टाळूला. तो पाहत राहिला. भित्रं माझ्या पायाशी उभं होतं, त्याची शेपटी हलत होती.

मावशीला काही दिसत नव्हतं. पण ती शांतता तिला ऐकू आली असणार. म्हणाली, "प्रकाश, तिच्याकडे पाहू नको. फोन तिकडे फिरव आभाळाकडे. बोलू दे तिले."

पडदा फिरला. निळं आभाळ आलं. मी त्या आभाळाला सांगितलं, "भाऊ, पुऱ्या मी घातल्या होत्या. मावशी घाटावर गेली होती. तिच्या हातून बकरू कधी मेलं नाही. तुम्ही तिला हरवलं नाही. मी हरवलं."

पडद्यावर अजून आभाळच होतं. मग प्रकाशभाऊचा आवाज आला, हळू, "आई, हे खरं आहे?"

"तिनं सांगितलं न," मावशी म्हणाली. "आता मले बकरू दे."

"थंडी पडली की आणतो तिला, वहिनी," तो म्हणाला. "थोडे दिवस राहायला तरी आणतो. नक्की." त्याचा आवाज ओला होता आणि तो ते मनापासून म्हणत होता. पण त्याच पावसाळ्यात ती पुण्यातच वारली, झोपेत. तिचं घर आता भाड्यानं दिलं आहे. भिंतीपलीकडे सकाळी कुणाचा तरी मिक्सर वाजतो.

त्या दिवशी तिनं फोन प्रकाशभाऊच्या हातातून मागून घेतला. "कोणता आहे तुह्याजवळ?"

"भित्रं."

"त्याच्या पोटाले लाव फोन. डाव्या कुशीले."

मी खाली बसले आणि फोनची कड भित्र्याच्या कुशीला टेकवली. पडदा माझ्याकडे होता. तिकडे तिनं फोन कानाला लावला होता, साध्या फोनसारखा. त्यामुळे मला फक्त तिचा कान दिसत होता. पूर्ण पडदाभर कान, सैल पडलेली पाळी, तिच्यात जुनी सोन्याची कुडी, आणि वर पांढऱ्या केसांची एक बट. तिकडे वारा होता, बट हलत होती. मी श्वास रोखून धरला. भित्र्यानंही मान वळवली नाही.

फोनमधून तसला आवाज जातो की नाही मला माहीत नाही. आमची मुलगी म्हणते, शक्य नाही. मी काही ऐकलं नाही, मी कानाकडे पाहत होते.

मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मग कान जरा हलला.

"हाव," ती म्हणाली. "बोलून राहिलं."